‘पालघर’मधून ‘पालघर’कडे

दांडीतल्या एका घराच्या ओटीवर लॅपटॉप उघडून आत्या आणि भाचा बसले आहेत. दोघंही मी कल्पनेनं उभे केलेले; त्यांच्यातला वाद मात्र पीएचपी लिहिणाऱ्या कुठल्याही दोन पिढ्यांत ऐकायला मिळेल. आत्यानं तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करता करता पीएचपी शिकून घेतली आणि बोटी व मासळीच्या नोंदींची वेबसाइट हातानं, फाइल बाय फाइल लिहिली. भाचा बोईसरहून डहाणू लोकल पकडून अंधेरीला जातो आणि दिवसभर ‘यी’ नावाच्या फ्रेमवर्कमध्ये काम करतो. जुनी वेबसाइट यीमध्ये नव्यानं लिहायची, इथवर एकमत आहे. तंटा पडला तो वापरणाऱ्याला दुसऱ्या पानावर पाठवणाऱ्या, म्हणजे रीडायरेक्टच्या, एका ओळीवरून. (छापण्यासाठी कोड देवनागरीत उतरवला आहे, संगणकावर तो रोमन अक्षरांतच लिहितात.)

भाचा: बोटीचा फॉर्म सेव्ह झाला की ही ओळ चालेल. बघ.

रिटर्न $धिस->रीडायरेक्ट(['बोट/पाहा', 'क्रमांक' => १२]);

आत्या: यात पत्ता कुठाय? माझी जुनी फाइल उघड. हेडर, त्यात लोकेशन, पुढे कोलन आणि मग अख्खा पत्ता. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं की माणूस कुठे जाणार. तू कंसात दोन शब्द टाकलेस आणि म्हणतोस, पोचेल.

भाचा: तो नुसता कंस नाही, ॲरे आहे. पहिला घटक म्हणजे रूट. ‘बोट’ हा कंट्रोलर आणि त्यातली ‘पाहा’ ही ॲक्शन. बाकीचे घटक म्हणजे त्या ॲक्शनला द्यायची माहिती. पत्ता यी स्वतः तयार करतो.

आत्या: ॲरे मला नको शिकवू. आम्ही ‘ॲरे’ हा शब्द पूर्ण लिहून गोल कंस घालायचो.

भाचा: चौकोनी कंस पीएचपी ५.४ मध्ये आले, मार्च २०१२ ला. अर्थ तोच, टायपिंग कमी.

आत्या: बरं, मग दुसऱ्या घटकाला ‘क्रमांक’ ही किल्ली आहे, पहिल्याला का नाही?

भाचा: आहे, फक्त दिसत नाही. किल्ली दिली नाही तर पीएचपी शून्यापासून आकडे लावत जातं. ‘बोट/पाहा’ची किल्ली शून्य. यी २ कितवी जागा आहे ते बघतच नाही, शून्य ही किल्ली शोधतो. क्रमांक आधी आणि रूट नंतर लिहिलं तरी बिघडत नाही.

इथे मला मध्ये बोलायला हवं, कारण नवशिके नेमके याच ठिकाणी अडखळतात. पायथनमध्ये यादी वेगळी आणि शब्दकोशासारखी रचना वेगळी. पीएचपीत दोन्ही कामं एकच ॲरे करतो आणि एकाच ॲरेत आकड्यांच्या व शब्दांच्या किल्ल्या सुखानं एकत्र नांदतात. क्रमही टिकतो. तीच किल्ली दोनदा लिहिली तर पीएचपी तक्रार न करता शेवटची किंमत ठेवतं. ही मोकळीक यीच्या लेखकांनी पुरेपूर वापरली आहे: शून्य किल्लीवर ठिकाण, नावाच्या किल्ल्यांवर माहिती. ही सोय फार छान आहे, फक्त ती कुणी समजावून सांगत नाही.

आत्या: आणि बाण विसरून स्वल्पविराम दिला तर? घाईत होतंच.

भाचा: बघू करून.

रीडायरेक्ट(['बोट/पाहा', 'क्रमांक', १२])

आत्या: आता तीन घटक झाले. किल्ल्या शून्य, एक, दोन.

भाचा: म्हणजे पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे ‘१=क्रमांक’ आणि ‘२=१२’ जाईल. ‘पाहा’ ॲक्शनला क्रमांक नावाचं काही मिळणारच नाही. झालं, ४०० आलं. मिसिंग रिक्वायर्ड पॅरामीटर्स.

आत्या: पाहिलंस? पीएचपीला त्यात काही चूक दिसली नाही. ॲरे व्यवस्थितच होता. चूक दिसली ती पुढच्या पानावर, तीही वेगळ्याच नावानं. माझ्या स्ट्रिंगमध्ये पत्ता चुकला तर चुकलेला पत्ता समोर लिहिलेला असतो.

भाचा: तुझी स्ट्रिंग वापरू. रीडायरेक्टला ॲरेऐवजी नुसतं ‘पाहा’ एवढं देतो. अशी स्ट्रिंग दिली की यी तिला हात लावत नाही, जशीच्या तशी पाठवतो. आता मी ‘/बोट/नोंद’ या पानावर असेन तर ब्राउझर शेवटचा तुकडा काढून ‘/बोट/पाहा’वर जाईल. बरोबर पोचला. पण ‘/बोट/नोंद/१२’वर असेन तर?

आत्या: ‘/बोट/नोंद/पाहा’. असं पानच नाही.

भाचा: एकच ओळ, पण तू कुठे उभी आहेस त्यावर वेगळीकडे नेते. ॲरेतल्या रूटचे नियम ठरलेले आहेत. तिरकी रेघ नसली तर याच कंट्रोलरमधली ॲक्शन. मध्ये रेघ असली तर कंट्रोलर आणि ॲक्शन. सुरुवातीलाच रेघ असली तर थेट मुळापासून. पत्त्याच्या पट्टीत त्या क्षणी काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही.

आत्या: म्हणून तर मी कायम पूर्ण पत्ता लिहायचे, एचटीटीपीपासून. आमच्या वेळचा नियमही तोच होता.

आत्याचं म्हणणं खरं आहे. १९९९ च्या एचटीटीपीच्या मानकात लोकेशनमध्ये पूर्ण पत्ताच हवा असं लिहिलं होतं. ब्राउझर अर्धा पत्ताही चालवून घेत होते आणि लोक तसाच लिहीत होते. २०१४ च्या मानकानं ते मान्य करून टाकलं. आधी लोकांनी करायचं आणि मग नियमानं मागून यायचं, अशी वेबच्या इतिहासात बरीच उदाहरणं आहेत. एक पुढे येतंच आहे.

भाचा: पूर्ण पत्ता किती फाइलींत लिहिलायस? वेबसाइटचं नाव बदललं, की बस शोधत. आत्ता आपला पत्ता ‘इंडेक्स’ फाइल, प्रश्नचिन्ह, रूट असा लांबलचक आहे. उद्या मी सेटिंग्जमध्ये एक नियम टाकला की तोच ‘/बोट/१२’ होईल. ॲरे लिहिलेल्या कुठल्याही ओळीला हात लावावा लागणार नाही.

आत्या: हे मात्र मान्य.

भाचा: अजून एक. तुझ्या लॉगिनच्या पानाला पत्त्यातूनच सांगतात की लॉगिन झाल्यावर पुढे कुठे जायचं. ती स्ट्रिंग तू सरळ हेडरला देतेस. कुणी तिथे भलत्याच वेबसाइटचा पत्ता घालून नाखव्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवला तर? लिंकमध्ये सुरुवातीला आपलं नाव दिसतं, तो विश्वासानं दाबतो, पासवर्ड टाकतो आणि भलतीकडे पोचतो.

आत्या: मग तुझा ॲरे काय करणार?

भाचा: रूट आपल्याच वेबसाइटमधल्या कंट्रोलरचं असतं. ॲरे घराबाहेर जाऊच शकत नाही.

वेबच्या धोक्यांची यादी करणाऱ्या ओवास्प संस्थेनं २०१३ च्या आपल्या यादीत न तपासलेल्या रीडायरेक्टला दहावा क्रमांक दिला होता. आत्याच्या पिढीनं लिहिलेल्या निम्म्याअधिक लॉगिन पानांत हे भोक असावं असा माझा अंदाज आहे. या मुद्द्यावर मी भाच्याच्या बाजूनं आहे.

आत्या: बरं. आता जिल्ह्यांच्या यादीकडे ये. हे मी २०१४ मध्ये एकदा उसवून शिवलंय. आधी ठाणे जिल्ह्याच्या ॲरेत पंधरा तालुके होते. १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि त्यातले आठ उचलून नव्या किल्लीखाली ठेवले. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. ठाण्याकडे सात उरले.

भाचा: ॲरेच्या आत ॲरे. बाहेरची किल्ली जिल्हा, आतली तालुका, त्याच्या आत गावं. म्हणजे दांडी कुठे? ['पालघर']['पालघर'] आणि त्यात ‘दांडी’.

आत्या: हो, दोनदा पालघर. फॉर्म भरणारे अजून विचारतात की दुसऱ्यांदा का निवडायचं.

भाचा: आणि जुने पत्ते? ‘/ठाणे/पालघर/दांडी’ असे लोकांनी सेव्ह करून ठेवले असणार. ते नव्याकडे वळवायला हवेत. सोपं आहे. पत्त्यात ‘पालघर’ सापडलं की पुढचा भाग उचलायचा आणि ‘/पालघर/पालघर/दांडी’वर पाठवायचं.

आत्या: चालवू नकोस. आधी वाच.

भाचा: का?

आत्या: नव्या पत्त्यावर पोचल्यावर काय होईल? त्यातही ‘पालघर’ आहे. तुझा नियम पुन्हा लागणार आणि पुन्हा तिथेच पाठवणार. तू त्याला पालघरमधून पालघरकडे पाठवत बसशील.

भाचा: ...टू मेनी रीडायरेक्ट्स.

आत्या: क्रोम, फायरफॉक्स साधारण वीसेक फेऱ्यांनंतर हात टेकतात. सर्व्हरच्या बाजूनं प्रत्येक फेरी व्यवस्थित झालेली असते, लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. ‘पालघर आहे का’ हा प्रश्नच चुकीचा. ‘पहिला तुकडा ठाणे आहे का, आणि दुसरा त्या आठांपैकी आहे का’ असं विचार.

भाचा: म्हणजे सुरुवातीची रेघ काढून पत्ता तिरक्या रेघेवर फोडून ॲरे करायचा, शून्याचा घटक ‘ठाणे’शी ताडायचा आणि एकचा घटक तालुक्यांच्या यादीत शोधायचा.

आत्या: आता बोललास. आणि ‘दांडी’ तिथे देवनागरीत आहे, लक्षात ठेव.

पत्त्याच्या पट्टीत आपल्याला ‘दांडी’ दिसतं, पण तारेवरून जाताना त्याची पाच चिन्हं (द, काना, अनुस्वार, ड, वेलांटी) पंधरा बाइटांची होतात. प्रत्येक बाइटाला टक्केचिन्ह आणि दोन अक्षरं लागतात, म्हणजे एकूण पंचेचाळीस. ॲरेतून माहिती दिली तर यी हे रूपांतर आपण होऊन करतो. हातानं जोडलेल्या स्ट्रिंगमध्ये ते आपल्याला आठवावं लागतं. मराठीत वेबसाइट करणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं बारा अवतरणचिन्हांत टाकून किल्ली म्हणून दिलं, तर पीएचपी त्याला मुकाट्यानं खरा आकडा करून घेतं. तेच देवनागरी आकड्यांत लिहिलं तर पीएचपीला तो नुसता मजकूर वाटतो. दोन्ही किल्ल्या एकाच ॲरेत शेजारी शेजारी राहतात आणि आपण ‘बारा नंबरची बोट सापडत का नाही’ म्हणून डोकं खाजवत बसतो. त्याहून वाईट म्हणजे फॉर्ममध्ये कुणी देवनागरीत ‘४०’ किलो पापलेट लिहिलं आणि पीएचपीत त्याचा पूर्णांक केला, तर उत्तर शून्य येतं.

भाचा: किलोंवरून आठवलं. मासळीची नोंद सेव्ह झाल्यावर तू लगेच तिथेच पान दाखवतेस. नाखव्यानं रिफ्रेश दाबलं की फॉर्म परत जातो आणि चाळीसचे ऐंशी होतात. सेव्ह झाल्यावर रीडायरेक्ट केलं, की रिफ्रेश नव्या पानाचं होतं, फॉर्मचं नाही.

आत्या: ते कळतं. माझा राग वेगळाच आहे. तुम्ही मुलं रीडायरेक्टला उडी समजता. सर्व्हर कुणाला उचलून नेत नाही. तो ब्राउझरला फक्त तीन आकड्यांचा नंबर आणि एक पत्ता देतो, पुढचं ब्राउझर बघतो. तो नवीन विनंती करतो. तोपर्यंत तुझं आधीचं सगळं संपलेलं असतं, व्हेरिएबलसकट.

भाचा: म्हणून तर ‘नोंद झाली’ हा निरोप फ्लॅश म्हणून सेशनमध्ये ठेवतो. पुढच्या पानानं एकदा दाखवला की पुसला जातो.

आत्या: आणि ही ओळ? लॉगिन नसेल तर रीडायरेक्ट, आणि खाली नोंद डिलीट. वरच्या ओळीला रिटर्न कुठाय?

भाचा: अरे हो. यी १ मध्ये रीडायरेक्ट केलं की काम तिथेच थांबायचं.

आत्या: आणि यी २ मध्ये?

भाचा: नाही थांबत. तो उत्तरात फक्त लोकेशन लिहून ठेवतो. रिटर्न नसेल तर खालच्या ओळी चालतात. पाहणाऱ्याला लॉगिनचं पान दिसेल आणि मागे नोंद उडालेली असेल.

आत्या: माझ्या हेडरनंतर एक्झिट लिहावंच लागायचं. बोटांना सवय होती. तुमच्या फ्रेमवर्कनं सवय मोडली आणि दुसऱ्या आवृत्तीत नियम बदलला. यी २ कधी आला?

भाचा: २०१४, ऑक्टोबर. पहिला २००८ च्या डिसेंबरमध्ये.

आत्या: म्हणजे सहा वर्षं लोक एका सवयीत राहिले. मी एवढंच म्हणते, की खाली काय चाललंय ते माहीत असू दे.

इथे माझं मत आत्याच्या पारड्यात आहे. फ्रेमवर्कची निवड हा मुद्दाच नाही. केकपीएचपी त्याच ॲरेत ‘कंट्रोलर’ आणि ‘ॲक्शन’ अशा नावाच्या किल्ल्या मागतं, लॅराव्हेलमध्ये रूटला टोपणनाव देऊन त्या नावानं हाक मारतात, कोडइग्नायटर बऱ्याचदा सरळ स्ट्रिंगच घेतं. शेवटी सगळ्यांतून बाहेर पडतं ते तेच: एक नंबर आणि एक लोकेशन. ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की फ्रेमवर्क बदलल्याची धास्ती जाते.

आत्या: आता नंबराचं बोल. यी आपण होऊन कुठला देतो?

भाचा: ३०२.

या ३०२ ची गंमत अशी, की मुळात त्याचा अर्थ ‘तात्पुरतं तिकडे गेलंय, तशीच विनंती तिकडे कर’ असा होता. ब्राउझरांनी मात्र फॉर्मची विनंतीसुद्धा साध्या ‘पान दाखव’ विनंतीत बदलायला सुरुवात केली आणि सगळं जग त्यावर विसंबलं. शेवटी दोन अर्थांसाठी दोन नंबर झाले: ३०३ म्हणजे ‘तिकडे जाऊन फक्त पान बघ’, ३०७ म्हणजे ‘आहे तशीच विनंती तिकडे ने’. १९९९ च्या मानकात दोन्ही आहेत. कायमच्या बदलासाठी ३०१ होताच. विनंती न बदलणारा त्याचा भाऊ ३०८ पुढे २०१४-१५ च्या सुमारास आला.

भाचा: ठाण्याच्या जुन्या पत्त्यांना ३०१ देतो. जिल्हा काही परत ठाण्यात जाणार नाही.

आत्या: तिथे दे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली, तसा तो बदल आहे. जुन्या जागी कुणी परत राहायला जाणार नाही. पण बंदीच्या पानाला काय दिलंयस?

भाचा: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात ‘मासळीची नोंद’ उघडली तर सूचनेच्या पानावर पाठवायचं. तिथेही ३०१ दिलाय. गूगललाही तोच आवडतो म्हणतात.

आत्या: गूगल जाऊ दे. नाखवा जुलैमध्ये फोनवर नोंद उघडून बघतो. तू त्याच्या ब्राउझरला सांगतोस, हे पान कायमचं हललं. ब्राउझर ते लक्षात ठेवतो. १ ऑगस्टला बोट समुद्रात गेली, आला, नोंद करायला बसला...

भाचा: ...आणि ब्राउझर आपल्याला विचारणारच नाही. साठवलेल्यातून सरळ सूचनेवर नेईल.

आत्या: तू सर्व्हरवरचा नियम काढलास तरी. प्रत्येकाच्या फोनमधला कॅश पुसायला तू सातपाटीपासून दांडीपर्यंत फिरणार आहेस का?

भाचा: ३०२ करतो.

आत्या: आणि तारखा कोडमध्ये नको. सरकार तारीख बदलतं, मग परत माझ्याकडे येशील.

भाचा: सेटिंग्जच्या ॲरेत टाकतो. ‘बंदी’ ही किल्ली, आत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’.

आत्या: सर्व्हरचं घड्याळ कुठलं आहे?

भाचा: पीएचपीला काही सांगितलं नाही तर यूटीसी.

आत्या: म्हणजे इथे १ ऑगस्टची पहाट होईल, आणि तुझ्या सर्व्हरवर?

भाचा: साडेपाच तास मागे. आपल्याकडे साडेपाच वाजेपर्यंत ३१ जुलैच चालू राहील. आणि तोवर निम्म्या बोटी बाहेर पडलेल्या असतील. थांब, त्याच सेटिंग्जमध्ये एक ओळ घालतो.

'टाइमझोन' => 'एशिया/कोलकाता'

आत्या: वरच्या ओळीनंतर स्वल्पविराम घातलास का?